तीन घावांचा बर्फ

८ ऑक्टोबर

पामिओक दादा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. मग वाटलं, खोडलेलं दिसलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून दुसरा कागद घेतला. आता नुसतं दादा लिहितो.

हे पत्र तुला कधी मिळेल ते मला माहीत नाही. पाण्यावर उतरणारं विमान गेल्या महिन्यात शेवटचं येऊन गेलं आणि बर्फावर उतरणारं नोव्हेंबर संपेपर्यंत येणार नाही. आलं तरी ते गळ्यापलीकडे, त्या अरुंद सामुद्रधुनीच्या तुझ्या काठावर, थोडंच जातं. तरी लिहितो, कारण काउनाक काका सप्टेंबरात बोटीने तुझ्या तळावरून आले तेव्हा म्हणाले की तू त्यांना एकच गोष्ट विचारलीस. "कुब्लु अजून लिहितो का?" ह्याचा अर्थ काय, ते मी बरेच दिवस ठरवतो आहे. चौकशी असेल. टोमणाही असेल. शाळा अर्धी टाकून मी परत आलो तेव्हा तूच सगळ्यांना सांगायचास, "आमच्या ह्याला सील सोलता येत नाही, पण सीलवर चार पानं लिहून देईल."

काका म्हणाले, तुझ्या अंगरख्याचे केस पार झडलेत आणि कोपरापाशी नुसतं कातडं दिसतं, आता ते तुझं की कॅरिबूचं कोण जाणे. असं म्हणून ते हसले. आई हसली नाही. तू गेलास तेव्हा दोन जोड घेऊन गेला होतास, ते पाच हिवाळे कसे पुरणार? त्याच दिवशी तिने ऑगस्टमधल्या हरणांची कातडी खाली काढली. आतला अंगरखा, बाहेरचा अंगरखा, विजार, बूट, हातमोजे. घरभर केस उडतायत, चहात सुद्धा पडतात. मोठी थंडी आणि अंधार यायच्या आत हे कपडे तुझ्या अंगावर चढले नाहीत तर तू हा हिवाळा काढणार नाहीस, हे आई बोलत नाही. पण ती जेवतानाही सुई खाली ठेवत नाही, त्यावरून समजायचं.

ते नेणार कोण हा प्रश्न आहे. गावातले सगळे वॉलरससाठी पश्चिमेला जाणार. गळ्याकडे ह्या दिवसांत कोणी जात नाही. आता बोट चालत नाही, स्लेजही नीट चालत नाही, इग्लू बांधायला बर्फ घट्ट नाही. शहाणा माणूस ह्या दिवसांत घरी बसून लगाम दुरुस्त करतो.

मी म्हणालो, "मी नेतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीसुद्धा. मीही जरा मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

गळ्यावर काय झालं ते इथे पुन्हा लिहीत नाही. बाबा तिथे बर्फाखाली गेले, बर्फ 'मी तपासला होता' असं तू सांगितलंस, आणि पंधरा दिवसांत पोटुशी वहिनी मागे ठेवून तू पलीकडे राहायला गेलास. सगळ्यांना एवढंच माहीत आहे.

कुब्लु


१२ ऑक्टोबर

दादा,

तयारी चालू आहे. मी सगळं दोनदा तपासतो. स्टोव्हच्या पिना, काड्यापेट्या (तीन वेगवेगळ्या डब्यांत, एक माझ्या बगलेत), तंबूचे खुंटे, कुत्र्यांच्या पायाला बांधायचे कातडी मोजे, कारण नवा खारा बर्फ पंजे कापतो. स्लेजच्या खालच्या पट्ट्यांवर मातीचा लगदा लावून गोठवला आहे. त्यावर तोंडात कोमट केलेल्या पाण्याची चूळ टाकून अस्वलाच्या कातड्याने फिरवायचं असतं, ते मला अजून एका फटक्यात जमत नाही. काउनाक काका दारात उभे राहून बघत होते.

"अरे थुंकतोयस की ओवाळतोयस?"

"एकसारखं यावं म्हणून हळू करतोय."

"हळू केलंस तर तोंडातच गोठेल. मग तुझी जीभ लावू खाली, चांगली घसरेल."

काका वाईट नाहीत. त्यांनी मला बर्फ तपासायची त्यांची पहार दिली. बाबांची पहार तू घेऊन गेलास.

तुला मुलगी झाली हे काकांनी सांगितलं असेल. तिला बाबांचं नाव दिलं हे सांगितलं का? देणार हे तुला न सांगताही कळलं असेल. जन्मल्यावर दीड दिवस रडत होती. आईने कानात "तुलुगाक" म्हटलं आणि ती गप्प झाली, मग आईच रडायला लागली. आता साडेचार वर्षांची आहे. तिला माशाचं डोकंच लागतं, डोळ्यांसकट. उजेडाकडे बघताना बाबांसारखाच एक डोळा आधी मिटते. नाव आलं म्हणजे माणूस आलाच, म्हणून आई तिला "अहो" म्हणते. "अहो, मोजे उलटे घातलेत." वहिनीची जास्त पंचाईत होते. पोटची पोर आणि सासरा एकाच अंगरख्यात. परवा हिने चरबीच्या दिव्यात बोट घातलं तर वहिनी ओरडली, "मामंजी! एक ठेवून देईन हं!" आणि लगेच जीभ चावली.

मी तिला बाबा म्हणतो. ती मला पोरा म्हणते. मला सवय झाली आहे, पण कधीकधी तिच्याकडे सरळ बघवत नाही.

काल रीतीप्रमाणे तिला विचारायचं होतं. आई म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय ह्या घरातून कोणी कधी लांब गेलं नाही. आता जाणार नाही."

मी समोर मांडी घालून बसलो. "बाबा, गळ्यापलीकडे दादाकडे कपडे घेऊन जातो. जाऊ का?"

ती माशाच्या गालाचं मांस काढत होती. ते काढून झालं, खाऊन झालं, बोटं चाटून झाली.

"नको," म्हणाली.

आईने सुईला स्नायूची तांत ओवली होती ती तशीच धरली. वहिनीने कातडं घासायचं थांबवलं. मी विचारलं, "नको का?" पण ती बाहेर कुत्र्यांकडे पळाली.

आता जायचं की नाही? मला काही कळत नाही.

कुब्लु


१६ ऑक्टोबर

दादा,

चार दिवस झाले, मी बांधलेलं सामान सोडतो आणि पुन्हा बांधतो. किनाऱ्यालगत बर्फ धरला आहे. कडेला पांढरा, पुढे राखाडी, त्याच्या पुढे काळा आणि लवचिक, लाट आली की त्याच्या अंगावरून सरकते. अजून आठ-दहा दिवसांत भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, भरती येईल. प्रवाह मंदावला की गळ्यावर त्याच दिवसांत बर्फ धरतो. तेव्हा आपण तिथे नसलो तर संधी गेली, पुढच्या उधाणात तो फुटतो आणि मग कोण जाणे, एखाद्या वर्षी जानेवारीपर्यंत उघडाच. म्हणजे निघायचं तर ह्याच आठवड्यात.

आणि बाबा नको म्हणाले.

मी आईला म्हणालो, "ती लहान आहे गं. तिला वाटत असेल मी गेलो तर खेळायला कोण."

"लहान कोण?" आई म्हणाली. "तुला लहान दिसतात ते?"

"मग दादाला गारठून मरू द्यायचं?"

ह्यावर आईने हातमोज्याचा अंगठा पुन्हा उसवून शिवायला घेतला. तो आधीच बरोबर होता.

बाबा नको म्हणाले असतील तर ते कशासाठी? मी बुडेन म्हणून? की तुझ्यावर राग आहे म्हणून? की माझ्यावर? की मासा संपायच्या आत कोणी प्रश्न विचारू नये म्हणून? मी कागदावर सगळी कारणं लिहून पाहिली. लिहून कमी होतील असं वाटलं होतं.

काउनाक काकांना विचारलं. ते म्हणाले, "तुझा बाप जिवंत असताना पहिल्या खेपेला कधी हो म्हणाला होता का रे? मी त्याच्याकडे एकदा कुत्री मागितली. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाला, आधी का नाही बोललास?"

म्हणून मी काल पुन्हा विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आणि तू सारखं विचारू नको."

हे अगदी बाबांसारखं होतं. वहिनीला हसू आलं ते तिने बाहीत लपवलं. वहिनी तुझं नाव घेत नाही, दादा. तुझे कपडे सगळे आई शिवते आहे. वहिनी फक्त कातडी घासून मऊ करते, ती कुणासाठीही करते म्हणते. एकदाच मला म्हणाली, "ज्याला बापाच्या पायाखालचा बर्फ बघता आला नाही, त्याला मी शिवलेलं घालायचा हक्क नाही." मी बूट बघत बसलो.

कुब्लु


१९ ऑक्टोबर

दादा,

आज जे झालं ते आधी लिहितो, मग विचार करतो.

दुपारी मी किनाऱ्यावर कुत्र्यांचे पट्टे जोडून बघत होतो. सात आहेत, प्रत्येकाची दोरी वेगळ्या लांबीची, मी गाठी मोजत होतो. तुलुगाक, म्हणजे बाबा, माझ्यासोबत होती. तिच्याकडे हार्पूनची तुटकी काठी होती आणि ती कडेच्या बर्फावर घाव घालत होती. तिथे बर्फ तळापर्यंत गोठलेला असतो, धोका नाही.

"पोरा, बघ. किती झाले?"

"तीन," मी म्हणालो. मी गाठीच मोजत होतो.

काठीचा आवाज थांबला. बराच वेळ आला नाही म्हणून वर बघितलं. ती माझ्याकडे बघत उभी होती, एक डोळा मिटून.

"मी एकच मारला."

"बरं, एक."

"तू बघितलंच नाहीस. न बघता तीन म्हणालास."

मी पुन्हा गाठींकडे बघितलं.

"म्हणून नको म्हणते," ती म्हणाली. "तू बघत नाहीस. काल पण मी दगड दाखवला, तू हो म्हणालास, पण बघितला नाहीस. परवा पण."

ह्यात विशेष काही नाही. कुठलंही पोर असं म्हणेल. मी हे तीनदा वाचून पाहिलं आणि तिन्ही वेळा मला तसंच वाटलं, कुठलंही पोर असं म्हणेल. पण माझ्या हातातले पट्टे खाली पडले आणि कुत्र्यांनी तेवढ्यात एक चावून तोडला.

आता पुढचं लिहितो. हे मी पाच वर्षांत कुठे लिहिलं नाही.

त्या दिवशी तू मागे राहिला होतास, तुटलेला लगाम जोडत. बाबांनी मला पुढे पाठवलं, बर्फ तपासायला, म्हणाले शिकू दे ह्याला. दर दहा पावलांवर पहार मारायची. एका घावात पाणी आलं तर मागे फिरायचं. दोन घाव टिकला तर माणूस जाईल, तीन टिकला तर स्लेज जाईल, चार टिकला तर त्यावर बिऱ्हाड झोपेल. हे तुला काय सांगायचं. पहिल्या ठिकाणी मी तीन मारले, टिकला. दुसऱ्या ठिकाणी तीन. मग पुढे ताजा हिम पसरलेला होता. हिमाची गोधडी पडली की खालचा बर्फ वाढत नाही, हे आता मला कोणी झोपेत विचारलं तरी सांगेन. तेव्हाही माहीत होतं. पण माझी बोटं मेली होती. हातमोजा ओला झाला होता, तो मी सकाळी वाळवला नव्हता, आणि हे बाबांना कळू नये असं मला वाटत होतं. पहार धरवत नव्हती. मी एकदा मारल्यासारखं केलं, आणि ओरडलो, "तीन!"

पुढची कुत्री थांबली होती दादा. ती पाऊल टाकत नव्हती. बाबांनी तिच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढचं तुला माहीत आहे. तू धावत आलास.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, बर्फ कोणी तपासला? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तू म्हणालास, "मी." आणि मी तोंड मिटलं.

मला एवढंच समजत नाही. माझ्या वाट्याचं ओझं तू माझ्यासाठी उचललंस, की हा पोरगा तेवढंही उचलायच्या लायकीचा नाही म्हणून हिसकावून घेतलंस? पाच वर्षं मी एकदा हे धरतो, एकदा ते.

कुब्लु


२० ऑक्टोबर

दादा,

सांगितलं.

आई शेजारी गेली होती. वहिनी कोपऱ्यात पाठमोरी बसून कातडं घासत होती. तिच्या घासण्याचा आवाज मोठा असतो, मला वाटलं तिला ऐकू जाणार नाही. की जावं असं वाटलं? तेही कळत नाही.

मी बाबांसमोर बसलो आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशी गळ्यावर मी तीन म्हणालो."

ती दोऱ्याचा ससा करत होती बोटांवर. "किती मारले होते?"

"एक. तोही नीट नाही."

"मग तीन का म्हणालास?"

"हात गारठले होते. मोजा ओला होता. लाज वाटली."

तिने दोऱ्याचा ससा सोडला. मागचा आवाज थांबला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बाबांनी माझा उजवा हात धरला आणि आपला अंगरखा वर करून पोटाला लावला. लहान मुलाचं पोट किती गरम असतं. माझा हात थंड होता, ती "ईई" करून ओरडली, पण सोडला नाही.

"आता?"

"आता गरम झाला."

"मग जाऊ," ती म्हणाली. "मी मोजणार. तू मारायचं, मी मोजणार."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही नाही. मी एकटा जाणार."

"मग नको."

एवढ्यावर ती पुन्हा ससा करायला बसली.

वहिनीने नंतर मला चहा हातात दिला नाही. माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि गेली. हे बरोबर आहे. मी तो प्यायलो.

कुब्लु


२३ ऑक्टोबर

दादा,

काल सकाळी वहिनी आईच्या पुढ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, ते कपडे इकडे द्या."

"झाले की गं."

"त्यांना बसणार नाहीत. तुम्ही अजून त्यांना सोळा वर्षांचं समजून शिवलंय."

आईने दिले. वहिनीने अर्धचंद्र सुरी घेतली आणि खांद्याच्या दोन्ही शिवणी भराभरा उसवल्या. मापाला दोरी घेतली नाही की काठी. डोळे मिटून हवेत दोन्ही हात धरले, कोणाच्या तरी खांद्यांवर ठेवावेत तसे, आणि तेवढं अंतर तसंच उचलून कातड्यावर आणलं. आई बघत होती. मी बाहेर गेलो.

आईला आता माहीत आहे. वहिनीने सांगितलं की बाबांनी, ह्याचा पत्ता लागला नाही. आई मला एवढंच म्हणाली, "मोजे वाळवलेस?" मी म्हणालो हो. तिने ते हातात घेऊन आत बोटं घालून बघितली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि काढताना जरा केस ओढले. जोरात.

संध्याकाळी सगळं ठरलं. म्हणजे काहीच नीट ठरलं नाही, पण आम्ही निघतो आहोत. बाबांना न्यायचं नाही असं म्हणायची घरात कोणाची छाती नाही. आई म्हणाली, "ते जाणार म्हणतात तर मी कोण अडवणार? पण पोर आहे हो." एकाच वाक्यात. वहिनी म्हणाली, "मामंजी निघाल्यावर सुनेने मागे राहायचं कसं? आणि माझी मुलगी मी ह्याच्या भरवशावर सोडणार नाही." हेही बरोबर आहे.

काकांना कळलं तेव्हा त्यांनी टोपरं मागे सारलं. "साडेचार वर्षांची पोर, नवरा टाकून गेलेली बाई, आणि निबंध लिहिणारा," ते म्हणाले. "गळा हसून हसून फुटेल." मग स्वतःच्या सातातली तीन चांगली कुत्री आणून माझ्या स्लेजला जोडली, आणि माझी दोन मरतुकडी सोडून नेली.

ही पत्रं मी बरोबर घेतो आहे, सीलच्या कातड्यात गुंडाळून. विमानाची वाट बघत नाही.

कुब्लु


२८ ऑक्टोबर, गळ्याची अलीकडची बाजू

दादा,

तीन मुक्काम झाले. किनाऱ्याच्या बर्फावरून आलो, दोन ठिकाणी तो तुटला होता तिथे जमिनीवरून, दगडांवर स्लेज घासली आणि पट्ट्यांची माती निघाली. मी लापशी शिजवून ती लावून गोठवली. चालली. बाबांनी ती चाटून बघितली.

मी दर दहा पावलांवर पहार मारली, किनाऱ्यालगत, जिथे गरज नव्हती तिथेही. स्लेजवरून बाबा मोजतात. "एक. दोन. तीन. पाणी नाही. जाऊ." वहिनी काल वैतागून म्हणाली, "भाऊजी, इथे खाली वाळू आहे." मी म्हणालो, असू दे.

इथे जमिनीवर तंबू लावला आहे. भांग सुरू झाला आहे, गळा काल धरला. समोर तुझ्या झोपडीचा धूर दिसतो. मध्ये दोनशे पावलं असतील.

आज मध्यापर्यंतही गेलो नाही, दोनच घाव टिकला, तिसऱ्याला पाणी आलं, स्लेज जाणार नाही. परत आलो. बाबांनी विचारलं, "किती?"

"दोन."

"बघू." आणि ती माझा हात धरून पहिल्या भोकांपर्यंत आली, एकात बोट घालून चाटलं, तोंड वाकडं केलं. "खारट. दोन."

तेव्हा तू बाहेर आलास. आम्ही तुला बघितलं. तू हात हलवला नाहीस, मीही नाही. बाबांनी विचारलं, "तो कोण?"

वहिनी म्हणाली, "तुमचा थोरला, मामंजी."

बाबा दोन्ही हात तोंडाशी नेऊन जिवाच्या आकांताने ओरडले, "पोराऽऽ! हलू नको! बर्फ दोनच आहे!"

थंडीत आवाज कुठवर जातो ते तुला माहीत आहे. तू आहेस तिथेच खाली बसलास. बराच वेळ उठला नाहीस. वहिनी तंबूत गेली आणि हातमोज्यांची राहिलेली शिवण करायला घेतली, समुद्राच्या बर्फावर पाऊल टाकायच्या आत कॅरिबूचं शिवणकाम संपलं पाहिजे ही रीत म्हणून. ती सुई तीनदा तिच्या बोटात गेली.

कुब्लु


३० ऑक्टोबर

दादा,

सकाळी भोकांची रांग पुढे न्यायला गेलो, तर समोरून दुसरी रांग येताना दिसली. तुझी. दर दहा पावलांवर एक, सरळ, बाबा घालायचे तशी. आणि प्रत्येक भोकाशेजारी पहारेच्या टोकाने ओढलेल्या रेघा. तीन. तीन. तीन. मध्याकडे दोन. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून बाबा अशा रेघा ओढायचे, आणि मी त्या विसरलो होतो.

म्हणजे तूही लिहितोस.

मग मीही परत फिरलो आणि माझ्या प्रत्येक भोकाशी रेघा ओढल्या. तपासून, पुन्हा मारून. तुझ्या शेवटच्या भोकात आणि माझ्या शेवटच्या भोकात वीस पावलं उरली आहेत. तिथे दोन. माणूस जाईल, हलका, एकटा. स्लेज नाही.

ठरवलं आहे ते असं. आज कपडे पाठीवर घेऊन मध्यापर्यंत जाईन आणि ठेवून येईन. वहिनीने गाठोडं बांधलं आहे, वरून नीट थोपटलंही. ही पत्रं त्यावर ठेवतो. तारखेप्रमाणे वाच. एकोणीस तारखेचं आधी वाचू नको. की आधीच वाच. मला ठरवता येत नाही. वाचून आम्ही यायला नको असं तुला वाटलं तर दोनच रेघा राहू दे. आम्ही समजू आणि परत जाऊ. कपडे तरी घाल.

कुब्लु


२ नोव्हेंबर

दादा,

हे तुझ्या हातात देईन, म्हणून थोडंच लिहितो.

परवा बघितलं तर तू गाठोडं नेलेलं, पत्रं नेलेली. मध्याच्या भोकाशी रेघा दोनच होत्या. कालही दोनच. काल मी काही खाल्लं नाही. बर्फ दोन होता म्हणून दोन, की तुझं उत्तर दोन? मी स्वतः मारून बघितलं, दोनच भरला. पण त्याने काय कळतं? वहिनीने काल चहा माझ्या हातात दिला. हे ती चुकून विसरली की मुद्दाम, विचारलं नाही.

रात्रभर वारा नव्हता आणि थंडी अशी पडली की कुत्री एकमेकांवर रचून झोपली. आज सकाळी मध्यापर्यंत गेलो. मधल्या वीस पावलांत दोन नवी भोकं होती, माझ्या बाजूला, माझ्या शेवटच्या भोकापर्यंत येऊन टेकलेली. शेजारी रेघा. चार. चार.

राग मानू नको. तू चार लिहिलंस तरी मी शेजारी स्वतः मारून बघितलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला पाणी आलं.

परत आलो तेव्हा वहिनी तंबूबाहेर डोळ्यांवर हात धरून उभी होती. तू पलीकडच्या काठावर आला होतास, नव्या अंगरख्यात. ती बराच वेळ बघत राहिली.

"खांदे बरोबर बसलेत," ती म्हणाली, आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला लागली.

बाबा आधीच स्लेजवर चढून बसले होते, काठी घेऊन.

"किती?"

"चार."

"बघितलंस?"

"बघितलं, बाबा."